तुमसरच्या शहाण्या इमारती

बांधकामाच्या धंद्यात सगळं मोजून येतं. रेती ट्रकनं, विटा हजारानं, सिमेंट पोत्यानं. किस्से तेवढे कुणी मागवत नाही, ते आपले आपण येऊन पडतात आणि काम संपलं तरी कुणी उचलून नेत नाही! आमच्या ऑफिसात असा ढीगच साचला होता. परवा घरी चार मैत्रिणी आल्या होत्या. मी एक सांगितला, त्यांनी दुसरा मागितला, आणि चहा तीनदा गरम करावा लागला. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावेत.

ऑफिस म्हणजे काय, तर तुमसरच्या बाजारात एका जुन्या घराचा वरचा मजला. माणसं तीन. देशकर साहेब, हे मालक. मुंबईच्या मोठ्या कंपनीत नोकरी करून, बायकोच्या गावाला येऊन राहिलेले इंजिनिअर. दुसरा रहांगडाले, वायरमन. एके काळी रेडिओ दुरुस्त करायचा, आणि जे जे हातानं चालतं ते ते आपोआप चाललं पाहिजे, असा त्याचा हट्ट. तिसरी मी, निर्मला निंबार्ते. नागपूरहून सिव्हिलचा डिप्लोमा करून आलेली. सत्तरचं दशक संपत आलं होतं, आणि बाईमाणूस साइटवर आलं की मिस्त्री काम थांबवून बघायचे.

साहेबांचा मंत्र एकच. "बांधायला लागतो तो खर्च नव्हे! खरा खर्च बांधून झाल्यावर सुरू होतो." रंग, गळती, वीज, दुरुस्ती, शेवटी पाडणं, असा इमारतीचा जन्मापासून मरणापर्यंतचा खर्च ते काढून द्यायचे. गिऱ्हाईक यायचं "सस्तं करून द्या जी" म्हणत, आणि जायचं डोकं धरून!

*

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. धानाचे व्यापारी गभणे शेठ गोदामाचं काम घेऊन आले. त्यांना टिनाचं छप्पर हवं होतं, साहेबांना पक्कं. अर्धा तास समजावल्यावर साहेबांनी ठेवणीतलं उदाहरण काढलं.

"शेठजी, बाजारात म्हैस घ्यायला गेलात. एक स्वस्त, एक महाग. नुसती किंमत बघून घ्याल का?"

"नाई जी! दूध पाहीन, दात पाहीन, खाते किती ते पाहीन."

"मग? इमारत म्हणजे म्हैसच! खाते किती, आजारी किती पडते, चालते किती वर्षं, सगळं बघून घ्यायची!"

शेठची मान हलू लागली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे बघ, पटलं!

"पटलं जी सायेब," शेठ म्हणाले. "पन आमच्याकडं म्हैस घेतली का पयले दोन टाइम दूध काढून पाहतो, मंग सौदा पक्का. तुमी बिल्डिंग आमच्या जागेवर आनून ठेवा. दोन बरसाती पाहतो. गळली तं वापस घेऊन जा!"

*

आमच्या ऑफिसच्या डोक्यावर मात्र कवेलू होते, म्हणजे मातीची कौलं. उन्हाळ्यात वानरांची टोळी यायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायची आणि शंभरेक कवेलू फोडून जायची. मग पावसाळ्यात साहेबांच्या टेबलावर एक बादली, माझ्या ड्रॉइंग बोर्डावर एक तपेलं. समोर बसलेल्या गिऱ्हाईकाला साहेब गळतीचा खर्च समजावताहेत, आणि मध्येच टपकन थेंब पडतोय!

शेवटी त्यांनी घरमालकीण सुभद्राबाईंसाठी सुंदर रिपोर्ट बनवला. तीस वर्षांत कवेलू किती, मजुरी किती, वानरांमुळे होणारं नुकसान किती, आणि त्यापेक्षा आजच स्लॅब टाकणं कसं फायद्याचं. "वानर" असा वेगळा मथळा असलेला तो बहुधा एकच इंजिनिअरिंग रिपोर्ट असेल.

सुभद्राबाईंनी तो नातवाकडून पूर्ण वाचून घेतला. मग वर आल्या.

"सायेब, तुमचं लिहिनं बराबर हाय. पन स्लॅब टाकला तं वांदराइले वर मजा येनार नाई."

"बरोबर! मग ती येणारच नाहीत."

"येतीनच जी. आजोबापासून येऊन राहिले ते. वर मजा नाई आली तं खाली उतरतीन. आन खाली तुमी बसता!"

कवेलू राहिले.

*

चिखल्याला खाणीवरच्या एका ठेकेदारानं मजुरांसाठी चाळी बांधल्या. काम आमच्याकडे. रहांगडालेला आयुष्यातली पहिली मोठी संधी मिळाली. त्यानं व्हरांड्यातल्या दिव्यांना "डोळा" बसवला. अंधार पडला की दिवे लागणार, उजाडलं की विझणार. बटण दाबायला माणूस नको! साहेबांनी हिशेब मांडला. माणसाचा पगार वाचला, वीज वाचली, डोळ्याचा खर्च थोड्याच वर्षांत वसूल. ठेकेदार खूश.

पंधरा दिवसांनी तो ऑफिसात हजर. "दिवे दिवसभर जळून राहिले सायेब! भर दुपारी!"

रहांगडाले धावत चिखल्याला गेला. झालं होतं असं, की मँगनीजची काळी धूळ उडून उडून डोळ्यावर बसली होती. डोळ्याला वाटत होतं, अजून रात्रच आहे! त्यानं शिडी लावली, फडक्यानं डोळा पुसला, दिवे विझले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. काच लावली, काचेवर धूळ. वर टोपी लावली, तर टोपीच्या सावलीनं अंधार! शेवटी एकच उपाय उरला. दर रविवारी रहांगडाले बसनं चिखल्याला जायचा, शिडी चढून सगळे डोळे पुसायचा आणि संध्याकाळी परत यायचा.

साहेब म्हणायचे, "स्वयंचलित आहे ना आपली सिस्टिम? म्हणजे रहांगडाले स्वतः चालत जातो!"

एकदा मी त्याच्यासोबत गेले. आम्ही चाळीच्या तोंडाशी पोचलो, तशी दारात दिव्याखाली गहू निवडत बसलेली एक बाई आत ओरडली, "अवो माय, उचला जी सूप! लाइटवाले भाऊ आले, आता अंधार होईन!"

*

बपेऱ्याची गोष्ट जरा वेगळी. गावानं मिळून दवाखाना बांधायचं ठरवलं होतं. जागा नदीपासून फार लांब नाही. जोतं किती उंच घ्यायचं, हा प्रश्न. उंच घेतलं तर भराव, पायऱ्या, सगळंच महाग. साहेबांनी पुराच्या नुकसानीचा हिशेब केला आणि शाळेच्या ओट्यावर गावाला समजावायला उभे राहिले.

"असं बघा, आजचा रुपया तो रुपया. पण वीस वर्षांनी हातात येणारा रुपया आज तीन आण्यांच्या मोलाचा. तसंच नुकसानीचं. मोठा पूर वीसेक वर्षांत एकदा येतो. त्याचं नुकसान आजच्या भावानं मोजलं तर थोडंच भरतं. त्यासाठी आज एवढा भराव टाकणं परवडत नाही."

लोक माना डोलवत होते. पुढे डोमाजी नावाचे एक म्हातारे शेतकरी बसले होते, मांडीवर नातू झोपलेला. त्यांनी हात वर केला.

"म्हंजे सायेब, वीस वर्सानं डोक्याएवढा पूर आला, तं तुमच्या कागदावर तो आज टोंगळ्याएवढाच आला ना?"

डोक्यावरचा पूर गुडघ्यावर आलेला ऐकून ओटाभर हशा! साहेबही हसले. "बरोबर बोललात. हिशेबात तसंच धरतात."

"हा माहा नातू हाय. वीस वर्सानं जवान होईन. त्याले बी तीन आन्याचाच धरला का जी?"

या वेळी कुणी हसलं नाही. डोमाजी काही टोमणा मारत नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. साहेब त्या झोपलेल्या पोराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही. त्याला धरायचं राहिलंच होतं."

दुसऱ्या दिवशी साहेब सकाळी आले ते थेट माझ्या बोर्डापाशी. "निर्मला, जोतं साडेतीन फूट वर घे." मी विचारलं, रिपोर्टात कारण काय लिहू? "लिही, गावात लहान मुलं आहेत." तसंच लिहिलं. वाढीव पैशांसाठी गावानं धान गोळा केलं, मजुरी अंगावर घेतली, आणि दवाखाना उभा राहिला.

आता त्या पुराला कुणी सांगितलं नव्हतं की वीस वर्षं थांबायचं असतं! चौथ्याच पावसाळ्यात आला. नदीकडची घरं पाण्यात गेली. बायकापोरं, बकऱ्या, धानाची पोती, सगळं दवाखान्याच्या व्हरांड्यात. पाणी वरच्या पायरीला लागलं आणि तिथून उतरलं. माणूस एकही गेलं नाही.

रस्ता मोकळा झाल्याबरोबर साहेब मला घेऊन बपेऱ्याला निघाले. तोंडानं काही म्हणत नव्हते, पण धुतलेला शर्ट घातला होता! दवाखान्याच्या वरच्या पायरीवर डोमाजी धापा टाकत बसलेले. आम्हाला बघून उठले, हात जोडले.

"सायेब, लय चांगली बिल्डिंग. पन एक सांगू का?"

"सांगा ना!"

"पायऱ्या लय झाल्या जी. बुढ्या मानसाचे टोंगळे दुखते!"

*

पंच्याऐंशीच्या आसपास साहेबांच्या परदेशी मासिकात एक नवीन शब्द आला, इंटेलिजंट बिल्डिंग. स्वतःची वीज, हवा, पाणी स्वतः सांभाळणारी इमारत. साहेब नुसते फुलून गेले. "अरे, हे तर आपण केव्हापासून करतोय!" आता याला मराठी शब्द पाहिजे. पाटीवर लिहायचा होता.

मी म्हटलं, "बुद्धिमान इमारत."

साहेब म्हणाले, "शाळेच्या बक्षिसासारखं वाटतं."

रहांगडाले म्हणाला, "शायनी बिल्डिंग लिहा जी. शायनी पोरगी म्हंतो ना आपन, तसं."

पटलं. पाटी रंगवली, "येथे शहाण्या इमारती बांधून मिळतील." दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ पाटी वाचून वर आले. बाहेर चप्पल काढली, हळूच आत डोकावले.

"सायेब, इमारत शायनी राहते म्हंता?"

"हो!"

"दीडशायनी तं नाई ना राहात? नाई, घरी दोन सुना हायेत आधीच."

*

त्याच सुमारास एका ट्रकमालकानं कॉम्प्युटर घेतला. तुमसरात कॉम्प्युटर! लोक बघायला यायचे. यंत्राला थंड हवा लागते म्हणून आम्ही त्याच्यासाठी एसीची खोली बांधून दिली. दारावर पाटी, "चप्पल बाहेर काढावी." त्यामुळे तिथं देवळासारखं वातावरण. एक म्हातारी तर येता-जाता यंत्राला हात जोडायची.

मे महिना लागला आणि घोटाळा झाला. ट्रकमालकाची आई दुपारी त्या खोलीत आडवी व्हायला लागली. मग तिची बहीण आली. मग ड्रायव्हर लोक "हिशेब विचाराले" येऊ लागले. खोलीत इतकी माणसं, की एसी हरला, यंत्र तापलं आणि बंद पडलं. ऑपरेटर रडकुंडीला आला.

साहेबांनी मोठा विचार करून तोडगा काढला. शेजारच्या खोलीत एक झरोका काढून थोडी थंड हवा तिकडं सोडली, दोन बाजा टाकल्या. माणसं तिकडं, यंत्र इकडं. खर्च थोडका, फायदा मोठा!

आठवड्यानं आम्ही बघायला गेलो. कॉम्प्युटरच्या खोलीत चिटपाखरू नव्हतं. यंत्र गारेगार. साहेब खूश होऊन म्हणाले, "बघा! आता कसं निवांत काम चालतं?"

मालक म्हणाला, "काम बंद हाय जी. आपरेटर बी बाजेवर झोपला हाय."

*

आता माझ्या केसांची गोष्ट. ही मी सहसा सांगत नाही, पण मैत्रिणी सोडत नाहीत.

दिघोरीच्या शेतकऱ्यांनी मिळून धानाचं गोदाम बांधायला काढलं. तिकडं पाऊस जबरदस्त, आणि धानाला ओल लागली की सगळं पीक गेलं. बाहेर हवा कोरडी असेल तेव्हाच पंखे चालले पाहिजेत, दमट झाली की बंद. हे करणारं यंत्र मुंबईहून आणायचं तर शेतकऱ्यांना झेपणारं नव्हतं. रहांगडाले म्हणाला, "मी बनवतो."

साहेबांच्या मासिकात त्यानं चित्र पाहिलं होतं. माणसाचा केस दमट हवेत किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. त्या हालचालीवर बटण दाबलं जातं. साधं काम! फक्त केस लांब पाहिजे आणि त्याला तेल नको. त्यानं आधी म्हशीच्या शेपटीचा केस लावून पाहिला. तो म्हशीसारखाच, हलेना! मग स्वतःचा उपटून पाहिला, तो बोटभर. मग तो माझ्याकडे बघायला लागला. म्हणजे माझ्या वेणीकडे.

"बाई..."

"अजिबात नाही!"

"जादा नाई जी. करंगळीएवढी बट. शेतकऱ्याइचं धान वाचन."

धानाचं नाव काढल्यावर काय बोलणार? शिकेकाईनं तीनदा धुतले आणि मानेजवळची एक बट कापून दिली. आणि चाललं हो ते! दिघोरीचे पंखे माझ्या केसांवर चालू-बंद होऊ लागले. वर्षानं केस थकायचे, मग नवीन बट. मधूनच कुणी दिघोरीचा माणूस बाजारात भेटला की सांगायचा, "बाई, तुमचा केस नाराज हाय. सकाळपासून पंखा चालू नाई झाला."

इकडं आईला माझ्या लग्नाची काळजी लागलेली. पोरगी पंचविशी ओलांडून गेली, दिवसभर साइटवर उन्हात फिरते, कोण करणार! तेवढ्यात साकोलीहून एक स्थळ आलं. मुलगा शेतकी खात्यात. सोबत त्याची आत्या, एकदम कडक. चहा झाला, पोहे झाले, आणि आत्याबाईंनी फर्मान काढलं.

"वेनी सोड बरं पोरी. केस पाहू दे."

मी सोडली. केस कमरेपर्यंत होते. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. तोच त्यांच्या हाताला मानेजवळच्या आखूड बटा लागल्या.

"हे काय वो? इथचे केस कुठं गेले? काही आजार-बिजार तं नाई?"

आईचा चेहरा पांढराफटक. मला काहीतरी थाप मारता आली असती, पण सुचलीच नाही.

"दिघोरीच्या गोदामात आहेत," मी म्हटलं.

"कुठं?"

"गोदामात. पंखे चालवतात. धान सांभाळतात."

आईनं डोळे मिटले. आत्याबाईंनी हात मागे घेतला, जणू विजेचा झटकाच बसला. आणि इतका वेळ खाली मान घालून बसलेल्या मुलानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"गोदामात धूळ फार असते. केसावर कव्हर लावलंय की उघडाच आहे?"

"बारीक जाळीचं कव्हर आहे," मी म्हटलं.

"मग ठीक."

पुढच्याच महिन्यात लग्न झालं. रहांगडाले आला, पोटभर जेवला, आणि पूर्ण वेळ माझ्या सासूबाईंच्या अंबाड्याकडे टक लावून बघत होता!

*

आणि हा शेवटचा किस्सा, बाबाजींचा.

देव्हाडी रोडवर बाबाजींची जुनी राइस मिल होती. वय सत्तरच्या पुढं, आवाज खणखणीत, पण छातीचा आजार जुना. मनोहर आणि विठ्ठल, अशी दोन मुलं. मुलांना जुनी मिल पाडून नवी शहाणी मिल बांधायची होती. भुशावर चालणारा बॉयलर, गरजेप्रमाणे आपोआप चालू-बंद होणारे पंखे, उजेड-वारा आत घेणारं छप्पर. साध्या मिलपेक्षा खर्च खूप जास्त. मालक मात्र बाबाजीच. त्यांच्या सहीशिवाय वीटही हलणार नाही.

साहेबांनी सगळा हिशेब केला. जास्तीचा खर्च सात वर्षांत निघून येत होता, पुढं सगळा फायदा. ज्या दिवशी बाबाजींना दाखवायचं, त्या दिवशी मनोहर आधी एकटाच वर आला. दार लोटून घेतलं.

"सायेब, एक सांगतो. नागपूरच्या डॉक्टरनं आमाले बाजूले घेऊन सांगतलं, बाबानं वर्स काढलं तं लय झालं. त्यायले मालूम नाई. सात वर्साची गोष्ट त्यायच्यासमोर नका काढू. दोन-तीन वर्स म्हना, नाई तं काहीच नका म्हनू."

साहेबांनी हिशेबाचा कागद पुढं ओढला. त्यांनी आयुष्यात कधी आकडा फिरवला नव्हता.

बाबाजी आले. विठ्ठलाचा हात धरून, प्रत्येक पायरीवर थांबत. बसले, पाणी प्यायले. नकाशा पाहिला. पंखे कसे आपोआप बंद होतात ते रहांगडालेकडून दोनदा समजावून घेतलं. मग चष्मा काढून विचारलं, "हे सगळं ठीक. पन जादाचा पैसा निघन कवा?"

मनोहर खिडकीतून बाहेर बघू लागला. मी कागद नीट करू लागले. साहेबांनी घसा खाकरला.

"सात वर्षं लागतील, बाबाजी."

"सात."

"हो. सात."

बाबाजींनी एकदा मनोहरकडे पाहिलं, एकदा विठ्ठलकडे. दोघांच्याही माना खाली. म्हाताऱ्याला काय कळलं, काय नाही, देव जाणे. पेन उचलला.

"मंग मले थांबावं लागन," म्हणाले, आणि सही केली.

मिल बांधून झाली, चालू झाली. पहिल्या वर्षी दिवाळी झाल्यावर बाबाजी ऑफिसात आले, हातात नव्या चिन्नोर तांदळाची थैली. "सायेब, किती राहिले?" साहेब म्हणाले, "सहा." चहा प्यायले, गेले. दुसऱ्या वर्षी पुन्हा थैली, पुन्हा तोच प्रश्न. "पाच." ज्या डॉक्टरनं वर्ष दिलं होतं, तो म्हणे नागपूरहून बदलूनही गेला! बाबाजींनी बिडी सोडली, सकाळी मिलपर्यंत पायी जाऊ लागले. कुणी म्हटलं आता आराम करा, तर म्हणायचे, "अजून निघाले नाई ना पैसे."

पाचव्या वर्षी मात्र ते आले नाहीत. थैली घेऊन मनोहर आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. "बाबा नागपूरले भरती हायेत. बोलनं बी कमी झालं. पन आज सकाळी मले जवळ बोलावलं आन म्हनले, सायेबाले विचारून ये, किती राहिले."

त्याच महिन्यात आम्ही मिलचा खरा जमाखर्च पुन्हा मांडला होता. भुशाचा बॉयलर अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगला चालला होता. जास्तीचा खर्च कधीच निघून गेला होता. मी सांगायला तोंड उघडलं.

"अजून दोन," साहेब म्हणाले. "बाबाजींना सांग, अजून दोन वर्षं आहेत. नक्की सांग."

मनोहर गेला. मी साहेबांकडे बघत राहिले. ते शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत बसले होते.

बाबाजी दवाखान्यातून घरी आले. सहाव्या वर्षी कुबडी घेऊन वर आले. "एक," साहेब म्हणाले.

सातव्या वर्षी दिवाळी संपली, आणि एका दुपारी जिन्यावर कुबडीचा आवाज आला. साहेब स्वतः खाली जायला निघाले, तर खालून ओरडले, "येऊन राहिलो जी मी! तुमी बसा." आले. विठ्ठलानं थैली टेबलावर ठेवली. रहांगडालेही हातातलं काम टाकून उभा राहिला.

"सायेब?"

"निघाले, बाबाजी. सगळे पैसे निघाले."

"सगळे?"

"सगळे!"

बाबाजींनी लांब श्वास घेतला. मी चहा मागवला. त्यांनी तो बशीत ओतून सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. बशी खाली ठेवली, मिशी पुसली, कुबडी मांडीला टेकवली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"आता सायेब," ते म्हणाले, "जरा लंब्या मुदतीचं काही दाखवा."